पहिल्या ओळीतले नाव

भिवा,

तू झाडावरून पडून गेला नाहीस, हे मला गेल्या तीन आठवड्यांत अनेकांना सांगावे लागले. बातमी कळली की प्रत्येकजण आधी तेच विचारतो : कुठल्या झाडावर होता? मी सांगतो, घरी होता. सकाळची वेळ. पडवीत बसून लाकूड कापायच्या मशीनच्या साखळीला कानस मारत होता. मंदावहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. कानशीचा आवाज थांबला. एका दाताकडून दुसऱ्या दाताकडे जायला जितका वेळ लागतो तितका गेला, त्याहून थोडा जास्त गेला, आणि त्या बाहेर आल्या. डॉक्टरांनी हृदयाचे कारण लिहिले.

ऐकणाऱ्याचा यात थोडा विरस होतो. उभे आयुष्य माडाच्या उंचीवर काढलेला माणूस जमिनीवर बसल्या बसल्या जातो, हे लोकांच्या गळी उतरत नाही. तुला ते पटले असते. "जमनीर उभो रवलंय की माका धाकधूक वाटता," असे तू म्हणायचास, आणि मी हसायचो.

मृत्युलेखाचा एक साचा असतो. जन्म, शिक्षण, कार्य, पश्चात परिवार. नोकरीत असताना मी तो दहा मिनिटांत भरून देत असे. तुझा भरणार नाही. छापील मजकुराने तुझे एकदा नुकसान केले आहे आणि तो मजकूर माझा होता. तुझ्या गावात होळीचे झाड उतरवण्याचा मान तुझ्या घराकडे होता. आधी तुझ्या वडिलांचा, मग तुझा. माझ्या एका बातमीने तो गेला. तू जाईपर्यंत परत आला नाही. होळी आता पंधरा दिवसांवर आहे, आणि तो मान तुझ्या घरी परत येतो की कायमचा जातो, हे याच काळात ठरायचे होते. काय झाले ते तुला सांगायला हवे. पण सरळ तिकडे गेलो तर तू म्हणशील, "संपादकाक घाई."

संपादक मी कधीच नव्हतो. आधी तालुका वार्ताहर, मग जिल्हा आवृत्तीत उपसंपादक, निवृत्तीही तिथेच; गावोगावच्या बातम्या मात्र शेवटपर्यंत देत राहिलो. सातवीपर्यंत तुझ्या शेजारी बाकावर बसलेल्या माणसाला ही बढती तू दिलीस आणि कधी मागे घेतली नाहीस. तुझ्या धंद्याला मात्र मला नीट नाव सापडले नाही. बातमीत 'लाकूडतोड्या' लिहिले की तू चिडायचास. लाकूडतोड्या झाड पाडतो, तू उतरवायचास. घराच्या छपरावर झुकलेला माड, विहिरीवर वाकलेला फणस, विजेच्या तारांत शिरलेला आंबा. वरून सुरुवात करून, तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकडा दोराला बांधून, खालच्या तुळशीचे पानही न हलवता. "पाडूक काय, वारो पण पाडता," असे तुझे म्हणणे.

तुझ्या पडवीतल्या सामानाची मी एकदा पैजेवर यादी केली होती. निम्म्या वस्तूंची नावे मला येणार नाहीत, अशी तुझी पैज होती आणि तू जिंकलास. बुंध्यासाठी मोठे मशीन. वर न्यायला छोटे, दोरीला लटकणारे. साखळ्या पाच, त्यांतल्या दोन नेहमी देवगडला हुसेनभाईंच्या दुकानात दुरुस्तीला. कंबरेचा रुंद पट्टा. मालवणच्या जेटीवरून आणलेला ट्रॉलरचा नायलॉन दोर आणि तिथलीच एक कप्पी, जिने आधी मासळीची जाळी ओढली होती. लांब काठीला बांधलेली कोयती, आंब्यावरची बांडगुळे काढायला. मोटारसायकलचे जुने हेल्मेट, काच नसलेले. आणि खुंटीला एक काथ्याचा दोर, वडिलांचा, झिजलेला, माणसाचे वजन पेलेल असा आता नाही. हा कशाला ठेवलास, असे मी विचारले.

"तो बगता," तू म्हणालास.

यादीत मी एक गोष्ट धरली नाही, आणि ती चूक मी पुढे छापूनही आणली. दोराचे दुसरे टोक. ते मंदावहिनींच्या हातात असायचे. खालच्या एखाद्या भक्कम झाडाला दोराचे दोन वेढे देऊन त्या उभ्या राहायच्या आणि तू वर कापलेली फांदी सावकाश खाली सोडायच्या. मशीनच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून तुमची भाषा दोराची होती. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. हेल्मेट तू डोक्यावर घेतलेस तेसुद्धा त्यांनी त्याशिवाय दोर धरणार नाही म्हटल्यावर. घरात तुमचे बोलणे बंद असायचे तेव्हाही दोरावर बोलणे चालू असायचे. एकदा कुठल्यातरी लग्नाला न गेल्यावरून आठ दिवस अबोला होता, आणि त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी शाळेच्या छपरावर झुकलेले भेंडाचे आख्खे झाड उतरवलेत. मी पाहत होतो. शेवटचा तुकडा जमिनीला लागला तेव्हा त्यांनी दोराला तीन हिसके दिले. तू वरून ओरडलास, "तीनाचो अर्थ काय गो?"

"च्या पियाक खाली ये," त्या म्हणाल्या. अबोला तिथे संपला.

तू कामाला सहज हो म्हणायचा नाहीस. लोक झाड काढायला बोलवायचे आणि तू ते राखायची कारणे शोधत बसायचास. एका निवृत्त गृहस्थांना अंगणातला बकूळ नको होता, पाने पडतात म्हणून. तू म्हणालास, "पानां पडतत म्हणान? केस गळाक लागले म्हणान मान कापतास काय?" ते रागावले. तू बकुळीची एक वाळकी फांदी तेवढी काढलीस, अंगण झाडून दिलेस आणि चहा घेऊन आलास. ते गृहस्थ पुढे तुझे दोस्त झाले आणि बाराव्याला आले होते. बकूळ आहे.

काम घेतलेस की मात्र आदल्या दिवशी जाऊन झाडाला हात लावून यायचास. मी तुला यावरून छेडायचो. झाडाला काय कळते, असे माझे म्हणणे. तू कधी वाद घातला नाहीस. "मी तेका सांगतंय उद्या येतंय म्हणान. आणि ओंबील खंय आसा ता तो माका सांगता," असे म्हणायचास. ओंबील म्हणजे त्या तांबड्या मुंग्या. त्यांचे घरटे आधी दिसले नाही तर माणूस पट्ट्यात अडकलेला आणि अंगभर मुंग्या. तुझ्या श्रद्धेला नेहमी असे एक व्यवहाराचे अस्तर असे. कुठली बाजू आतली आणि कुठली बाहेरची, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

आता वडाकडे येतो.

मोठ्या वादळानंतरच्या त्या दिवसांत तू रोज कुठल्या ना कुठल्या छपरावर होतास. तुझ्याच गावात, देवळामागच्या राईतला जुना वड उभा फाटला होता आणि त्याचा अर्धा भाग देवळावर आला होता. त्या वडावर देवचार राहतो आणि तो गावाच्या सीमेची राखण करतो, असे तुझा गाव मानतो. म्हणून आधी देवाला कौल लावला. कौल मिळाला. मग देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे गावाची प्रार्थना, घातले. मग मी कधीही न पाहिलेली एक गोष्ट झाली. कुऱ्हाड देवळाच्या पायरीवर ठेवली आणि प्रत्येक घरातून एकेक माणूस येऊन तिला हात लावून गेला. आजारी होते त्यांनी पानावर हळदकुंकू देऊन पाठवले. सगळ्यांचे हात लागल्यावर ती कुऱ्हाड तुझ्या हातात आली. त्यानंतर दोन दिवस झाडावर तूच होतास, पण गावात कोणी तसे म्हणत नव्हते. चहाच्या टपरीवर, पाणवठ्यावर, सगळीकडे एकच वाक्य : वड गावान काढल्यान.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू खाली उतरलास. भुवयांत भुसा भरला होता. छपराचा एक नळाही फुटला नव्हता.

"लिवतलंस मां?" तू विचारलेस.

"लिवतलंय."

"लिव. पण माजा नाव घालू नको हां. गावान काढलो म्हणान लिव."

"गावान कसो? तूच काढलंस. मी बगलंय."

"तू बगलंस ता तुज्याकडे ठेव," तू म्हणालास आणि हसलास. मी निघताना पुन्हा एकदा म्हणालास, नाव नको.

बातमीदाराला हे वाक्य महिन्यातून चारदा ऐकावे लागते. नाव घालू नका म्हणणारी माणसे दोन प्रकारची असतात. काहींना खरोखर नको असते. बाकीचे दुसऱ्या दिवशी पहाटे पेपर उघडून नाव आले की नाही ते पाहतात. मी तुला दुसऱ्या प्रकारात बसवले. आयुष्यभर लोकांची घरे वाचवलीस आणि एकदाही तुझे नाव कुठे छापून आले नाही, हे मला बरेच दिवस खटकत होते. ती भेट होती, भिवा. मी पहिल्याच ओळीत लिहिले, की देवळावर कोसळलेला वड भिवा यांनी एकट्याने, छपराचा एक नळाही न फुटू देता उतरवला. बातमी जिल्ह्याच्या पानावर वर आली, फोटोसकट.

टपरीवाल्याने कात्रण भिंतीला चिकटवले. दोन दिवसांनी काढले.

तू माझ्याकडे आलास तेव्हा पेपर घडी करून खिशात होता. "बरा लिवलंस," म्हणालास. मग, "नाव घातलंस."

"मगे? तुजाच काम ता."

"माजाच," तू म्हणालास. चहा प्यायलास, माझ्या दारातल्या शेवग्याची एक फांदी वाढली होती ती उगीच हाताने मोडून टाकलीस, आणि गेलास. मला वाटले, संकोचला आहेस.

पुढच्या पावसात तुझ्या गावात एका घराची विहीर ढासळली. दुसऱ्या एका घरातल्या कर्त्या माणसाला अर्धांगवायू झाला. दरवर्षी कुठल्याही गावात एवढे होतेच. त्या वर्षी मात्र त्याच्यापुढे लिहायला एक नाव होते.

मला हे कळले शिमग्यात. तुझ्या गावची होळी पाहायला मी दरवर्षी येत असे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : होळीसाठी आंब्याचे सरळ झाड निवडतात, ते कापतात आणि जमिनीला लागू न देता खांद्यांवर झेलतात, मग नाचवत देवळापुढे आणून उभे करतात. झाड जमिनीला लागू न देणे ही सगळी करामत दोर कुठे बांधायचा आणि शेवटचे बोटभर लाकूड कधी तोडायचे यात असते. तुझ्या हातून एकदाही लागले नव्हते. त्या वर्षी बुंध्यापाशी दुसराच कोणी उभा होता आणि तू मागे, काजूच्या कुंपणाशी, हात बांधून. झाड तिरके आले. माणसे पळाली. शेंडा जमिनीवर आपटला. ढोल आधीपेक्षा जोरात वाजू लागला. मी तुझ्याकडे पाहिले. तू आपल्या पायांकडे पाहत होतास.

मंदावहिनींनी मला घरी नेऊन समजावले. त्यांचा आवाज चढला नाही. "भावोजी, गावाचो घाव गावाचो रवाक होयो, म्हणजे देवचार कोणा एकाक धरणा नाय. तुमी तो एकट्याचो केलात. आता ज्येच्या घरात कायव झाला की तो आमच्या दाराकडे बगता." मग म्हणाल्या, "आणि एक सांगा. तुमी लिवलात 'एकट्यान'. मी थंय दोन दिवस भजी तळी होतंय?"

माझी बातमी अचूक आहे, असे मला वाटत होते. तिच्यातला तो एक शब्द तर सरळ खोटा होता.

मग आपला वाद सुरू झाला, जो चार वर्षे चालला आणि संपला नाही. मी म्हणालो, खुलासा छापतो. तू म्हणालास, "खुलाशात माजा नाव येतला मां? मगे नको. जितक्यांदा पुसशीत, तितक्यांदा लिवचा लागतला." मी म्हणालो, मग गावाच्या बैठकीत येऊन सांगतो. त्यालाही नको. मी म्हणालो, चूक माझी आहे. तू म्हणालास, "खोटा काय लिवलंस? मीच काढलंय." उलटेच होऊन बसले. बातमीची बाजू तू घ्यायचास आणि मी तिच्यावर टीका करायचो. हुसेनभाईंच्या दुकानात साखळी घ्यायला गेलो असतानाही आपण यावरून भांडलो. ते ऐकत होते. म्हणाले, "तुमी दोघांनी मशीन चालू करून भांडा. माजे ग्राहक आयकतत." आपण दोघे हसलो. मी विषय बदलला. मला तेव्हा ते सोयीचे होते.

तुझे बाहेरचे काम थांबले नाही. देवगड, विजयदुर्ग, आचऱ्यापर्यंत लोक बोलवत होते. बागायतदारांना बांडगुळे काढणारा हात हवा होता आणि देवचाराशी त्यांचा संबंध नव्हता. फक्त तुझ्या गावातून कोणी बोलवत नसे. आणि दर शिमग्याला तू कुंपणाशी उभा असायचास. चारपैकी तीन वर्षे झाड जमिनीला लागले.

बाराव्याच्या दिवशी तुझ्या घरी गावातले बरेच लोक आले. येणे चुकवले नाही कोणी. गावचे पहिले मानकरी तात्या आले, पडवीत बसले, खुंट्यांवरच्या सामानाकडे पाहत राहिले. जाताना मला म्हणाले, रविवारी होळीची बैठक आहे. का सांगितले ते त्यांनी सांगितले नाही.

मी गेलो. देवळाच्या मंडपात पुरुष बसले होते, बायका कडेला खांबांपाशी. आयुष्यभर मी अशा बैठकांच्या कोपऱ्यात वही घेऊन बसलो आहे. बोललो कधीच नव्हतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "वडाच्या बातमीत भिवाचा नाव मी घातलंय. घालू नको म्हणान तेना माका दोनदा सांगल्यान होता. मी आयकूक नाय."

तात्या म्हणाले, "परत सांगा."

मी परत सांगितले.

"म्हणजे नाव घाल म्हणान तेना सांगूक नाय?"

"नाय."

मंडपात कुजबूज झाली, आणि चार वर्षे माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट तेव्हा कळली. विहीर आणि अर्धांगवायू ही वरची गोष्ट होती. खरा राग वेगळा होता. गावाने सगळ्यांचे हात लावून दिलेली कुऱ्हाड, आणि तू पेपरवाल्या दोस्ताला सांगून तिच्यावर आपले नाव घालून घेतलेस, असे ते धरून चालले होते. नाव काय आपसूक येते, असे टपरीवर म्हटले जात होते. मी फक्त देवचाराचा विचार करत होतो. माणसांना काय लागले असेल, ते मी विचारलेच नव्हते.

मागून कोणीतरी म्हणाले, "मगे तो चार वर्सा तोंडात गुळणी धरून बसलो कित्याक?"

"तुमी इचारलात?" खांबापाशी बसलेल्या मंदावहिनी म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "तेना सांगल्यान असता, तर तुमी ह्या भावोजींका गावात पाय ठेवूक दिलात नसतात. ह्यांचा काम हंयच. जत्रेची बातमी, शाळेची बातमी, रस्त्याची बातमी. तो म्हणी, माजी होळी गेली ती गेली, तेचो गाव कित्याक घालवू."

हे मला ठाऊक नव्हते, भिवा. तुझ्या गावात चार वर्षे मी येत-जात होतो, चहा पीत होतो, बातम्या नेत होतो. ते सगळे तुझ्या गप्प राहण्यावर चालले होते. आणि मी तुला हट्टी म्हणत होतो. तुझ्याशी भांडताना मी एकदा असेही म्हणालो होतो, की तुला मोठेपणा मिरवायचा आहे म्हणून तू खुलासा छापू देत नाहीस. त्यावर तू शेवग्याच्या शेंगा मागितल्यास. मी दिल्या. ते वाक्य मला परत घ्यायचे होते, घेतो.

तात्या बराच वेळ काठीशी चाळा करत बसले. मग मंदावहिनींना म्हणाले, "दोर तुमच्याकडे आसा मां? यंदा होळयेक लागतलो."

"दोर देतंय. पण धरतलंय मी."

होळीच्या दोराला तुझ्या गावात बाईचा हात लागल्याचे कोणाला आठवत नव्हते. एकजण म्हणाला, घरात मयत झालेली, वर्षभर सण नाही.

"सण करूक मागणंय नाय," त्या म्हणाल्या. "काम करूक मागतंय. तुमच्यातल्या कोणाक येता ता सांगा, तेच्या हातात देतंय."

शेवटी तात्या म्हणाले, कौल लावूया. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, गुरवाने गाऱ्हाणे घातले, आणि सगळे पाहत बसले. बराच वेळ काही झाले नाही. मग उजव्या बाजूची, होकाराची, पाकळी सुटली. मी जे पाहिले ते इतकेच. मंडपात कोणीतरी सुस्कारा टाकला. मंदावहिनी पदराने तोंड पुसत होत्या.

पायऱ्या उतरताना तात्यांनी मला गाठले. "पेपरवाल्यांनु, तुमच्यापेक्षा आमचो कौल बरो. हो-नाय सांगता, नाव सांगणा नाय."

"व्हय," मी म्हणालो.

"आता ह्या पण छापतलात?"

गाव सांगेल तर, असे मी म्हणालो. तात्यांनी मागे वळून मंदावहिनींकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. "छापा," तात्या म्हणाले. "गावाचा नाव नको. भिवाचा घाला. आता चलता."

म्हणून हे लिहिले, आणि गावाचे नाव यात नाही.

काल सकाळी मंदावहिनींनी मला बोलावून घेतले. होळीचे झाड पाहायला जायचे होते आणि सोबत कोणीतरी हवे होते. आम्ही तीन बागा फिरलो. वाटेत त्या सतत तुझ्याशी भांडत होत्या : पट्ट्याचा बकल बदलून घेतला नाहीस, नवा दोर पावसात बाहेर टाकलास, शेवटच्या महिन्यात छातीत दुखते ते मला सांगितले नाहीस. एका ठिकाणी त्या थांबल्या. झाडाभोवती दोनदा फिरल्या, खांदा देणारी माणसे कुठे उभी राहतील ते पायाने जमिनीवर रेघ ओढून पाहिले, शेजारच्या कुठल्या झाडाला दोराचे वेढे घेता येतील ते पाहिले. मग आंब्याला पाठ टेकून खाली बसल्या आणि जरा वेळ रडल्या. मी थोडा लांब जाऊन उभा राहिलो. उठल्यावर म्हणाल्या, "ह्याच."

होळीचे झाड ठरले की होळी उभी राहीपर्यंत ते कोणाला सांगत नाहीत. बागेच्या मालकालासुद्धा नंतरच कळते, आणि तो तक्रार करत नाही. तू दरवर्षी मला हवे तेवढे विचारू द्यायचास आणि एकदाही सांगितले नाहीस. यंदा ते तिघांना ठाऊक आहे, तुला धरून.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "खंयचा झाड धरलात?"

मी म्हणालो, "बरा आसा."

ते म्हणाले, "शिकलात," आणि फोन ठेवला.